तीळ-डाग आखायचं 'घरबसल्या काम': माझे २३,०१० रुपये गेले

डेटा एंट्रीवाल्यांचंच जुनं जाळं, नाव फक्त नवीन: 'मेडिकल एआय अ‍ॅनोटेशन'. त्वचेवरच्या डागाचा फोटो उघडायचा, माऊसने कडेकडेने रेघ ओढायची. अशा रेघा बघून कॉम्प्युटर पुढे स्वतः डाग आखायला शिकतो. हे काम खरंच असतं, म्हणून तर मी गेले. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा झालेली बाई आहे मी. लॉटरी लागली म्हणून पैसे मागितले असते तर फोन आपटला असता.

वाशी स्टेशनजवळ ऑफिस, काचेची केबिन. डिपॉझिट ५,९००, सॉफ्टवेअरचे २,३६०, दोन्ही जीएसटी धरून. पावतीवर जीएसटी नंबर नव्हता, तो आधी बघा. ५०० च्या स्टॅम्पवर सह्या. फोटोमागे ३० रुपये, अचूकता मात्र ९८ टक्के हवी.

माझं डोकं फिरतं ते फाइलींची नावं आठवली की. प्रत्येकीवर 'आयएसआयसी' आणि पुढे आकडे. मला वाटलं कंपनीचा कोड. कोणालाही तेच वाटलं असतं! एकदा गूगल केलं असतं तर कळलं असतं, आयएसआयसी हा त्वचेच्या डागांच्या फोटोंचा संग्रह आहे, जगाला फुकट खुला. २०१८ च्या त्यांच्या स्पर्धेतल्या २,५९४ फोटोंच्या तर आखलेल्या कडाही सोबत मिळतात. म्हणजे आधीच आखलेलं मी रात्री जागून पुन्हा आखत होते.

आणि ९८ टक्के? एका फोटोत डागावर आडवे केस, कोपऱ्यात मोजपट्टीच्या रेघा, डावीकडे तपकिरी रंग त्वचेत असा विरलेला की दोन डॉक्टर एकच कड दाखवणार नाहीत. त्या स्पर्धेत मशीनने आखलेला डाग तज्ज्ञांच्या आखणीशी किती जुळतो ते बघत; जुळणी ०.६५ च्या (पूर्ण जुळणी म्हणजे १) खाली गेली तर शून्य धरत. तिथे ६५, इथे ९८. नापास करायलाच ठेवलेला आकडा.

मग 'तुमची अचूकता ७१', मग 'वकिलाचा' फोन: करारभंग, समन्स, घरी पोलीस. सासूबाई शेजारीच बसलेल्या. भरले १४,७५०. समन्सच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर धमकी देऊन कोर्ट पैसे वसूल करत नाही, हे आता सगळे मला सांगतात.

पोलिसांचं तर विचारूच नका. ठाणे शहरातले म्हणाले, ऑफिस वाशीला, तिकडे जा. खाडीपलीकडे गेले तर, पैसे ठाणे शहरातून गेले ना, मग तिकडेच जा. एकाने वर विचारलं, "मॅडम, शिकलेल्या असून?" भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. कलम दाखवलं तर साहेब जेवायला गेले. बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच टाकलात. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा, चौकीच्या बाकावर वेळ घालवू नका. सह्या केलेल्या कराराची प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका. मला दिलीच नव्हती.

तीच जाहिरात आता ऐरोलीच्या पत्त्याने फिरतेय. या वेळी डागांऐवजी एक्स-रे आहेत. डिपॉझिट तेच, ५,९००.