कथेतल्या खुणा ओळखायला गाईड बरं की पेन्सिल?

जूनमध्ये पाठ्यपुस्तकांबरोबर गाईडही घरात येतं. कथा त्याच्या आधाराने समजून घ्यायची, की हातात पेन्सिल घेऊन दोनदा वाचायची, असं नाशिकमधले ओळखीचे पालक विचारतात. मुलगी नववीत असताना आमच्याकडे दोन्ही करून झालं, त्यावरून सांगतो.

गाईडचं चांगलं ते आधी. उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक यांत मुलं हमखास गोंधळतात. तिथे गाईडमधला व्याख्या-उदाहरणांचा तक्ता खरंच कामाला येतो. कवितेच्या रसग्रहणाला लागणारी मुद्द्यांची चौकटही तयार मिळते.

कथेचं मात्र वेगळं आहे. आम्ही आणलेल्या गाईडमध्ये प्रत्येक कथेच्या सुरुवातीलाच सारांश होता, म्हणजे शेवट आधीच हातात. मला हे फार खटकलं आणि माझा कौल तिथेच ठरला. लेखक वाटेत खुणा पेरतो, त्या वाचकाला पुढचं ठाऊक नाही या भरवशावर. शेवट कळलेला असला की मूल खुणा शोधतच नाही. तयार उत्तराला जुळणारं वाक्य तेवढं शोधतं.

फ्रेंच लेखक मोपासाँची १८८४ सालची ‘द नेकलेस’ ही कथा घ्या. मैत्रिणीकडून मागून आणलेला हिऱ्यांचा हार हरवतो. डबीच्या आतलं नाव पाहून नवरा-बायको त्या जवाहिऱ्याकडे जातात. तो वह्या चाळून सांगतो, हार मी विकलेला नाही, डबी तेवढी माझ्याकडची असावी. पहिल्यांदा वाचताना आपण हे वाक्य सहज ओलांडून जातो. पुढे तसाच दुसरा हार घेऊन तो परत केला जातो, तेव्हा मैत्रीण डबी उघडूनसुद्धा बघत नाही. ती उघडून बघेल याचीच नायिकेला धास्ती होती, त्यामुळे आपलंही लक्ष तिच्या सुटकेकडे जातं. शेवट मुद्दाम सांगत नाही, पण तो वाचून मागे आलात तर या दोन्ही जागा निराळ्याच दिसतात. मुलीने त्या स्वतः शोधल्या आणि पानं उलटून मला वाचून दाखवल्या. ‘पूर्वसूचना’ हा शब्द मी तिला त्यानंतर सांगितला.

पेन्सिलने वाचायला वेळ लागतो, हे खरं. पहिल्या वाचनात जिथे अडखळलो तिथे नुसतं टिंब द्यायचं, थांबायचं नाही. दुसऱ्या वाचनात विचारायचं: ही वस्तू पुन्हा का आली? हे कोण सांगतंय, आणि त्याला सगळं माहीत आहे का? एवढ्याशा गोष्टीवर लेखकाने इतकी वाक्यं का खर्च केली? रशियन लेखक चेकॉव्ह म्हणायचा की सुरुवातीला भिंतीवर बंदूक टांगली असेल तर पुढे ती उडायला हवी. पण प्रत्येक पावसात आणि प्रत्येक दिव्यात प्रतीक शोधायचा हट्ट नको; मुलं त्याने कंटाळतात. पुस्तक नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून आणलेलं असेल तर टिंबांऐवजी कागदाच्या चिठ्ठ्या घाला. १८४० पासून चालत आलेल्या त्या संग्रहातलं पुस्तक आपल्यानंतरही कुणीतरी वाचणार आहे.

परीक्षा आठवड्यावर आली असेल आणि कथा वाचलीच नसेल, तर गाईडला नाही म्हणवत नाही. दिवाळीपर्यंतचा वेळ हाताशी असेल तर मी पेन्सिलच सुचवीन. गाईड टाकून द्यायला नको. सारांशाच्या पानांना क्लिप लावून ठेवा आणि दुसरं वाचन झाल्यावरच ती काढा.