इक्वलायझर कुठला वापरायचा: फोनचा, प्लेअरचा, हेडफोनच्या अ‍ॅपचा की वेगळा?

नवा हेडफोन आला की पहिल्या आठवड्यात आपण एकदा तरी इक्वलायझर, म्हणजे आवाजातले खालचे-वरचे सूर कमीजास्त करण्याची सोय, उघडतो. 'बास बूस्ट' (खालच्या, जड सुरांना जोर) दाबतो, दोन गाणी ऐकतो, बरं वाटतं. मग ते बटण तसंच चालू राहतं आणि पुढे कित्येक महिने प्रत्येक गायक गोधडीखालून गात असल्यासारखा ऐकू येतो. दोष मात्र हेडफोनच्या माथी जातो.

इक्वलायझरमध्ये वेगवेगळ्या उंचीच्या सुरांसाठी सरकवायच्या पट्ट्या असतात. कुठली पट्टी किती वर न्यायची, हा प्रश्न नंतरचा आहे. त्याआधी ठरवायला हवं ते हे की आवाजात बदल करायचा कुठे. एकाच फोनवर चार ठिकाणी इक्वलायझर असू शकतो: फोनच्या सेटिंगमध्ये, गाणी वाजवणाऱ्या अ‍ॅपमध्ये, हेडफोन कंपनीच्या अ‍ॅपमध्ये आणि मुद्दाम घेतलेल्या इक्वलायझर अ‍ॅपमध्ये. चौघांचं काम एकच, पण कुणाची पोच किती आणि कुणाचा हात किती बारीक, यात बराच फरक आहे.

निवडण्याआधी एक गोष्ट करा. चारही ठिकाणं उघडून सगळं बंद करा. डॉल्बी अ‍ॅटमॉससारखे परिणामही त्यात आले. दोन इक्वलायझर एकाच वेळी चालू असले तर त्यांची बेरीज होते: फोनमध्ये ६० हर्ट्झला (हर्ट्झ म्हणजे सुराची उंची, आकडा लहान तर सूर खालचा) ४ डेसिबल (आवाजाच्या जोराचं माप) वाढवले आणि हेडफोनच्या अ‍ॅपमध्येही ४, तर कानाला ८ डेसिबलची वाढ ऐकू येते. मी एकदा अख्खी संध्याकाळ एक चांगला हेडफोन बिघडलाय असं समजून घालवली होती. फोनमधला इक्वलायझर जुन्या इअरफोनसाठी लावलेला तसाच राहून गेला होता. तेव्हापासून कानाला खडा: इक्वलायझर एकाच जागी.

फोनचा स्वतःचा

अँड्रॉइडमध्ये अ‍ॅपना वापरता येईल असा इक्वलायझर २०१० सालच्या २.३ या आवृत्तीपासून आहे. बऱ्याच फोनवर त्याच्या पाच पट्ट्या दिसतात: ६०, २३०, ९१०, ३६०० आणि १४,००० हर्ट्झ. हे आकडे नीट पाहा. ३६०० नंतर थेट १४,००० आहे. आणि 'स', 'श', 'च' ही अक्षरं कानाला टोचतात ती साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे नेमकी या मोकळ्या जागेत. हेडफोन टोचरा असेल तर ३६००ची पट्टी खाली ओढून आवाजाची स्पष्टता जाते, १४,०००ची ओढून फक्त वरची चमक जाते, आणि टोचणं बरंचसं जिथल्या तिथे राहतं. पाच पट्ट्यांचा इक्वलायझर बास कमीजास्त करायला ठीक आहे. त्यापलीकडे त्याच्याकडून फार आशा ठेवू नये.

सॅमसंगच्या फोनवर नऊ पट्ट्या मिळतात, ६३ हर्ट्झपासून दुप्पट दुप्पट होत १६ किलोहर्ट्झपर्यंत. त्यातली ८ किलोहर्ट्झची पट्टी खरोखर कामाची आहे. त्याच ठिकाणी 'अडॅप्ट साउंड' नावाची सोय आहे. तुमच्या एका कानाला दुसऱ्यापेक्षा कमी ऐकू येत असेल तर तिचा उपयोग होतो.

फोनच्या इक्वलायझरचा मोठा गुण म्हणजे तो जवळपास सगळ्या अ‍ॅपना लागू होतो. मोठी अडचणही तीच. अनेक फोनांवर हेडफोन बदलला तरी सेटिंग तेच राहतं.

आयफोनवाल्यांची गोष्ट वेगळी. तिथे सगळ्या अ‍ॅपना लागू होणाऱ्या पट्ट्याच नाहीत. सेटिंगमध्ये इक्वलायझर दिसतो तो फक्त अ‍ॅपलच्या म्युझिक अ‍ॅपपुरता, आणि त्यातही तयार नमुन्यांतून एक निवडायचा, एवढंच. मात्र २०२० सालच्या आयओएस १४ पासून अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या विभागात 'हेडफोन अ‍ॅकमोडेशन्स' आहे. समतोल, माणसाच्या आवाजाचा पट्टा आणि चमक असे त्यात तीन कल मिळतात, सौम्य ते ठळक अशी मात्रा निवडता येते, आणि कानांच्या तपासणीचा ऑडिओग्राम असेल तर त्याप्रमाणेही आवाज जुळवता येतो. अट एवढीच की हेडफोन अ‍ॅपलचा किंवा बीट्सचा, आणि त्यातलाही ठरावीक मॉडेलचा हवा. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी दुसरं काही शोधण्याआधी हे उघडून पाहावं. ऐकण्याच्या अडचणींसाठीच्या विभागात ठेवल्यामुळे ते फार जणांच्या नजरेला पडत नाही, पण त्याचा फायदा कुणालाही होतो.

गाण्याच्या अ‍ॅपमधला

इथे थोडक्यात आटोपतो. स्पॉटिफायच्या आयफोन अ‍ॅपमध्ये सहा पट्ट्या आहेत: ६०, १५०, ४००, १०००, २४०० आणि १५,००० हर्ट्झ. खालच्या बाजूला छान बारकावा आहे, वर पुन्हा तीच मोकळी जागा. हे सेटिंग त्या अ‍ॅपपुरतंच राहतं, पण काहींना तेच हवं असतं. गाण्याला वाढवलेला बास बोलण्याच्या कार्यक्रमात निवेदकाचा आवाज घुमणारा करून टाकतो. गाणी एका अ‍ॅपमध्ये आणि बाकीचं दुसरीकडे ऐकत असाल तर हा बंदिस्तपणा सोयीचा ठरतो.

हेडफोन कंपनीच्या अ‍ॅपमधला

ब्लूटूथ हेडफोन असेल आणि त्याच्या अ‍ॅपमध्ये इक्वलायझर असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: आधी इथेच थांबा. इथे हिशोब हेडफोनच्या आतल्या चिपमध्ये होतो आणि सेटिंगही बहुधा तिथेच साठतं. तोच हेडफोन लॅपटॉपला जोडा, टीव्हीला जोडा, दुसऱ्याच्या फोनला जोडा, आवाज तुम्ही ठरवलेलाच येतो. फोन अँड्रॉइड आहे की आयफोन, गाणं कुठल्या अ‍ॅपमधून वाजतंय, यातलं काही आड येत नाही. फोन बदललात तरी हेडफोनचा आवाज बदलत नाही.

पट्ट्यांची निवड मात्र प्रत्येक कंपनीची वेगळी. सोनीच्या अनेक हेडफोनांवर ४००, १०००, २५००, ६३०० आणि १६,००० हर्ट्झ अशा पाच पट्ट्या आणि 'क्लिअर बास' नावाची सहावी, वेगळी पट्टी मिळते. ६३०० हर्ट्झची पट्टी टोचऱ्या 'स'वर बरोबर बोट ठेवते. मी स्वतः सगळ्यात आधी तिलाच हात लावतो, २ पायऱ्या खाली. उणीव खालच्या बाजूला आहे. ४०० हर्ट्झच्या खालचं जवळपास सगळं एकाच पट्टीच्या ताब्यात आहे. बास ड्रमचा खोल धक्का ठेवायचा आणि २०० ते ३०० हर्ट्झमधला गढूळपणा तेवढा काढायचा, हे तिथे नीट जमत नाही. बोसच्या अ‍ॅपमध्ये बास, मिड आणि ट्रेबल (खालचे, मधले आणि वरचे सूर) अशा तीनच पट्ट्या आहेत. बारीक काम त्यात होत नाही, पण तीन पट्ट्यांनी आवाज बिघडवणंही कठीण असतं, आणि ज्यांना यात वेळ घालवायचा नाही त्यांच्यासाठी मी ती जमेची बाजू धरतो.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. बंद केलेला हेडफोन तारेने जोडून ऐकलात तर आतली चिप झोपलेली असते आणि इक्वलायझर लागू होत नाही. बॅटरी संपल्यावर तोच हेडफोन वेगळा वाटतो त्याचं कारण हेच. आणि बाहेरचा गोंगाट दाबणारी सोय चालू-बंद केल्यावर काही हेडफोनांचा आवाज थोडा बदलतो, म्हणून ज्या अवस्थेत जास्त ऐकता त्याच अवस्थेत पट्ट्या बसवा.

फोनमध्ये केलेला बदल ब्लूटूथवरून जाण्याआधी होतो आणि हेडफोनमधला तिथे पोचल्यावर. यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. निवड करताना हा मुद्दा सोडून द्या. सोय आणि पट्ट्यांची जागा यांचा फरक त्याच्या कितीतरी पट मोठा आहे.

वेगळं अ‍ॅप आणि मोजमापाचा नकाशा

अँड्रॉइडवर वेव्हलेट किंवा पॉवरअँप इक्वलायझर यांसारखी अ‍ॅप बहुतेक प्लेअरचा आवाज जुळवतात. त्यांचं खरं बळ पट्ट्यांच्या संख्येत नाही, तर मोजमापांत आहे. ऑटोईक्यू नावाच्या खुल्या प्रकल्पाने हजारो हेडफोनांची मोजमापं गोळा करून प्रत्येकासाठी दुरुस्तीचा आलेख काढला आहे. वेव्हलेटमध्ये आपल्या हेडफोनचं मॉडेल निवडायचं, की तो आलेख लागू होतो. तारेच्या साध्या इअरफोनवर मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा गायकाचा आवाज अक्षरशः दोन पावलं पुढे आला. नवा हेडफोन घेण्याआधी प्रत्येकाने हे करून पाहावं असं मला मनापासून वाटतं.

दुरुस्ती कुठल्या दिशेने करायची, याचं एक मान्य उत्तर हार्मन कंपनीतल्या संशोधनातून आलं. शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ पासून श्रोत्यांची पसंती तपासणारे निबंध प्रसिद्ध केले. त्यातून दिसलं की बहुतेकांना आवडणारा हेडफोन मोजला तर सरळ रेषेत येत नाही. त्यात बास थोडा उचललेला असतो आणि ३ किलोहर्ट्झच्या आसपास एक उंचवटा असतो. हा उंचवटा आपल्या कानाचाच आहे. समोरच्या स्पीकरचा आवाज आत येताना कानाची नळी आणि पाळी त्या भागाला नैसर्गिकरीत्या बळ देतात, आणि हेडफोनला त्याची नक्कल करावी लागते. म्हणून 'सगळ्या पट्ट्या शून्यावर म्हणजे शुद्ध आवाज' ही समजूत खरी नाही. शून्य म्हणजे फक्त तुमचा हेडफोन जसा आहे तसा.

याच अ‍ॅपांपैकी काहींत पॅरामेट्रिक इक्वलायझर मिळतो. नेहमीच्या पट्ट्यांची जागा ठरलेली असते. इथे कंपनसंख्या, कमीजास्तीचं प्रमाण आणि बदलाची रुंदी, तिन्ही तुम्ही ठरवता. ६५०० हर्ट्झला, अरुंद, ४ डेसिबल कमी, असा हुकूम देता येतो आणि शेजारचं काही हलत नाही. एकदा या बारकाव्याची सवय झाली की पाच पट्ट्या खूप जाड्याभरड्या वाटू लागतात.

त्रासही आहेत. काही प्लेअर आपला आवाज चालू झाल्याची वर्दी व्यवस्थेला देत नाहीत, मग इक्वलायझर त्यांना पकडू शकत नाही आणि जास्तीच्या परवानग्यांची खटपट करावी लागते. बॅटरी वाचवण्याच्या नादात फोन हे अ‍ॅप मागच्या मागे बंद करतो, म्हणून बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्याला सूट द्यावी लागते. यूएसबी डॅकवर (डिजिटल आवाजाचं हेडफोनला लागणाऱ्या विद्युत लहरींत रूपांतर करणारं छोटं उपकरण) थेट ताबा घेणारे प्लेअर त्याला पूर्ण बगल देतात. आणि मोजमाप शेवटी दुसऱ्या नगाचं, कृत्रिम कानावरचं असतं. ८ किलोहर्ट्झच्या वरचा भाग तुमच्या कानाच्या घडणीवर फार अवलंबून असतो. तिथे आलेखापेक्षा स्वतःच्या कानावर विश्वास ठेवा.

आयफोनवर असं सर्वव्यापी अ‍ॅप चालत नाही. तारेच्या चांगल्या हेडफोनसाठी तिथे क्युडेलिक्स ५केसारखा, स्वतःच्या पोटात पॅरामेट्रिक इक्वलायझर असलेला छोटा डॅक हा मार्ग उरतो. पैसे पडतात, पण मग कुठलंही अ‍ॅप वाजलं तरी आवाज जुळलेला येतो.

कुठलाही निवडा, हात असा लावा

इन-इअर असेल तर सगळ्यात आधी कानातलं रबर तपासा. ते नीट बसलं नाही की बास गळून जातो आणि कुठलीही पट्टी तो परत आणत नाही. मापाची दुसरी रबरं लावून पाहिल्याशिवाय इक्वलायझर उघडूच नका.

वाढवण्याऐवजी कमी करा. डिजिटल आवाजाला वरचं छत असतं. आधीच छताला टेकलेल्या गाण्यात ६ डेसिबल बास वाढवला तर लाटेचे शेंडे कापले जातात आणि जोरदार जागी आवाज फाटतो. वाढवायचंच असेल तर सर्वांत जास्त वाढ जेवढी, तेवढाच प्रीअँप (इक्वलायझरमधली एकूण आवाजाची पट्टी) खाली आणा. प्रीअँप नसेल तर हवी ती पट्टी शून्यावर ठेवून बाकीच्या खाली ओढा. गाणं गढूळ वाटतंय? २०० ते ४०० हर्ट्झमधून २-३ डेसिबल काढा. गायक मागे पडलाय? १ ते ३ किलोहर्ट्झमध्ये २ डेसिबल पुरतात. डग्ग्याची घुमारी पोकळ वाटत असेल तर ६० ते १५० हर्ट्झ जरा उचला, पण ड्रायव्हरच, म्हणजे हेडफोनमधला छोटा स्पीकरच, तेवढा खोल जाऊ शकत नसेल तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? तिथे पट्टी ढकलत राहिलात तर फक्त फरफर वाढते.

आवाजाची पातळीही फसवते. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं की हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर फारच कमी ऐकू येतात. रात्री अगदी हळू आवाजात बसवलेला बास दुसऱ्या दिवशी मोठ्या आवाजात छातीवर बसतो. म्हणून नेहमी ऐकता त्याच पातळीवर बसवा. आणि ती पातळी बेतानेच ठेवा: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्यांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे, आणि उचललेली प्रत्येक पट्टी तुम्हाला तिच्या जवळ नेते.

मग कुणी काय घ्यावं? गोंगाट दाबणारा ब्लूटूथ हेडफोन असेल तर त्याच्याच अ‍ॅपमध्ये काम संपवा. तिथल्या पट्ट्या अपुऱ्या वाटल्या आणि फोन अँड्रॉइड असेल, तर तिथलं शून्य करून वेव्हलेटकडे या. तारेचा इअरफोन आणि अँड्रॉइड ही जोडी असेल तर थेट मोजमापाच्या आलेखापासून सुरुवात करा, त्याच्याइतका फरक इतक्या कमी कष्टांत दुसरं काही देत नाही. अ‍ॅपलचा हेडफोन आणि आयफोन असेल तर अ‍ॅक्सेसिबिलिटीतली सोय. आयफोनवर तारेचा दुसऱ्या कंपनीचा हेडफोन असेल तर आधी प्लेअरमधला इक्वलायझर महिनाभर वापरा, त्यात समाधान झालं नाही तरच डॅकवर खर्च करा.

सेटिंग बसलं की आठवडाभर त्याला हात लावू नका. मग ओळखीची तीन गाणी घ्या, इक्वलायझर चालू-बंद करून ऐका, आणि दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी ठेवा, कारण जे थोडं मोठ्याने वाजतं ते कानाला नेहमीच चांगलं वाटतं. पातळी सारखी असताना फरक कळला नाही तर इक्वलायझर बंद ठेवा.