सांगलीत मिळणारा ब्रायरचा पाईप: नवशिक्याला चालेल का?
गणपती पेठेत मिळणारा हा तंबाखू ओढायचा साधा पाईप शिकायला पुरतो. ब्रायर म्हणजे एका झुडपाचं कठीण लाकूड. घेताना पाईप क्लीनर (साफ करायची केसाळ तार) तोंडात धरायच्या नळीतून थेट तंबाखूच्या वाटीच्या तळाशी उतरतो का, एवढं बघा. अडला तर घेऊ नका. ओल साचून गुडगुडणारच. सोबतचा धातूचा फिल्टर निव्वळ कचरा.

तंबाखू भरताना तळाला सैल, मध्ये जरा दाबून, वर घट्ट. स्ट्रॉने सरबत ओढावं इतपत जोर हवा. लस्सीसारखं जड लागलं तर उपसून पुन्हा भरा. पहिल्या काडीने तंबाखू फुगून वर येते, ती टॅम्परने (तंबाखू दाबायच्या दट्ट्याने) हलकी बसवून दुसरी काडी लावा. भराभर ओढलं की वाटी तापते, जीभ पोळते. विझला तर विझू दे. धूर छातीत घेत नाहीत, तरी निकोटिन तोंडातूनही भिनतं. निपाणीची विडीची तंबाखू यात नको, भलती कडक. गरम असताना नळी काढू नका, नळी जिथे बसते ती वाटीची दांडी तडकते.