नकाशात उंची भरताना: फोन, बॅरोमीटर, उपग्रह की पाटी?

वाशीच्या खाडीकिनारी उभं राहून जीपीएसचं अॅप उघडलं आणि उंची उणे ५८ मीटर दिसली, तर फोन बिघडलेला नाही. तो समुद्रसपाटीपासून मोजतच नाहीये. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येणाऱ्या मोफत नकाशावर, येऊरची टेकडी, एखादी खिंड, झरा किंवा रेल्वे स्टेशन यांची उंची टाकायची असेल, तर कोणतं साधन घ्यायचं हे नंतर बघू. आधी ते साधन शून्य कुठे धरतं ते बघायला हवं, कारण आपल्याकडे शून्यं एकापेक्षा जास्त आहेत.

जीपीएसचं शून्य म्हणजे एलिप्सॉइड, पृथ्वीचा गणिती गुळगुळीत गोळा. समुद्रसपाटीशी जुळणारा पृष्ठभाग म्हणजे जिऑइड. ठाणे-नवी मुंबईत हा जिऑइड एलिप्सॉइडच्या साठ-पासष्ट मीटर खाली आहे. उणे ५८ मधून उणे ६३ वजा केले की ५ मीटर उरतात, आणि तेवढीच उंची खरी वाटते. सर्व्हे ऑफ इंडियाचं जुनं शून्य १९०९ चं, मुंबईसह नऊ बंदरांच्या भरतीमापकांवरून ठरवलेलं. टेकडीच्या कामात ते आणि जिऑइड यांतल्या फरकाची चिंता नको.

चिंता करायला लावणारी शून्यं वेगळीच. पावसाळ्यात बातम्यांत येणारी "४.९ मीटरची भरती" चार्ट डेटमपासून, म्हणजे सागरी नकाशांच्या शून्यापासून, मोजलेली असते, आणि मुंबईत हे शून्य सरासरी समुद्रपातळीच्या २.५१ मीटर खाली आहे. म्हणजे ती भरती समुद्रसपाटीच्या जेमतेम २.४ मीटर वर येते. खाडीलगतच्या जेट्टीची किंवा बांधाची उंची बातमीतल्या आकड्यावरून ठरवाल तर अडीच मीटर चुकाल. खाडीपलीकडच्या मुंबईच्या ड्रॉइंगमध्ये टाउन हॉल डेटम भेटतो, म्हणजे मुंबईचं वेगळं, समुद्रसपाटीच्या बरंच खालचं शून्य. तिथे सखल जमिनीची लेव्हलही २७-२८ मीटर लिहिलेली दिसते. ती जशीच्या तशी उचलू नका.

आता साधनं.

फोनचं जीपीएस सगळ्यांकडे असतं, आणि उंचीसाठी सगळ्यांत कच्चं तेच. उपग्रह सगळे डोक्यावर, पायाखाली एकही नाही, त्यामुळे उभ्या दिशेची चूक आडव्या चुकीच्या दीडपट ते तिप्पट असते. उघड्या माळावर दहा मीटर चूक सहज येते, आणि घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये तर बोलायलाच नको. अँड्रॉइड मूळ आकडा एलिप्सॉइडवरचा देतं. समुद्रसपाटीची उंची वेगळी मिळण्याची सोय अँड्रॉइड १४ पासून आली. आयफोन आधीपासून समुद्रसपाटीचाच आकडा दाखवतो. अॅपने जिऑइडची दुरुस्ती केली आहे की नाही, हे ओळखायला किनाऱ्यावर जाऊन बघा: साठेक मीटर उणे दिसले तर केलेली नाही. एनएमईए (जीपीएसच्या मूळ माहितीचा ठरलेला साचा) नोंद ठेवणारं अॅप असेल तर उत्तम. त्यातल्या जीजीए ओळीत समुद्रसपाटीची उंची आणि जिऑइडचा फरक शेजारीशेजारी लिहिलेले असतात.

बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजणारा सेन्सर, हे दोन ठिकाणांमधला फरक मोजायचं साधन आहे, आणि त्या कामात त्याच्याइतकं स्वस्त आणि चोख दुसरं काही नाही. सेन्सर सगळ्या फोनांत नसतो, आधी बघून घ्या. आपल्या हवेत दाब १ हेक्टोपास्कलने (हे दाबाचं एकक) उतरला म्हणजे साधारण पावणेनऊ मीटर चढलात. घोळ होतो तो हवामानामुळे. अॅप समुद्रसपाटीचा दाब गृहीत धरतं १०१३.२५, आणि कोकणात जुलैत समुद्रसपाटीचा दाब १००४ च्या आसपास असतो. म्हणजे जागेवर बसल्या बसल्या ऐंशी मीटर चढल्यासारखं दिसतं. शिवाय रोज सकाळी दहाच्या सुमाराला दाब वर असतो आणि दुपारी चारला खाली. हा फरक तीनेक हेक्टोपास्कलचा, म्हणजे पंचवीस मीटरचा. सकाळी पायथ्याशी शून्य लावून संध्याकाळी उतरलात, तर पायथाच वर गेलेला दिसतो.

उपाय सोपा आहे. पायथ्याला माहीत असलेली उंची सेट करायची, वेळ लिहायची, माथ्यावर आकडा घ्यायचा आणि शक्य तितक्या लवकर परत पायथ्याला येऊन पुन्हा वाचायचं. पायथ्याच्या दोन आकड्यांत जो फरक पडला, तो वेळेच्या प्रमाणात माथ्याच्या आकड्यातून वळता करायचा. मुंबई विमानतळाच्या दर अर्ध्या तासाच्या हवामान अहवालात क्यूएनएच, म्हणजे तिथला समुद्रसपाटीला आणलेला दाब, असतो. सेटिंगला तो चालतो, पण पूर्णांकात असल्याने त्यातच चार-पाच मीटरची चूक गृहीत धरा.

उपग्रहाचे फुकट उंची-नकाशे घरबसल्या मिळतात. एसआरटीएम फेब्रुवारी २००० मध्ये स्पेस शटलवरून मोजलेला, कोपर्निकस या युरोपीय उपक्रमाचा ग्लो-३० साधारण २०११ ते २०१५ च्या मोजणीचा. दोन्हींची चौकट, म्हणजे एक आकडा जेवढ्या जागेला मिळतो ती, सुमारे ३० मीटरची. दोन्हींतून निवडायचं तर ग्लो-३० घ्या. त्याची उभी अचूकता ४ मीटरच्या आत सांगितलेली आहे, एसआरटीएमची १६ (प्रत्यक्षात तो याहून बरा निघतो). इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचा कार्टोडेम हा उंची-नकाशा घेतलात तर त्याच्या उंच्या एलिप्सॉइडवरच्या आहेत, पुन्हा तेच साठ-पासष्ट मीटर.

उतरवून घेताना एक गंमत लक्षात ठेवा. या फाइली एकेका अंशाच्या असतात, नाव नैऋत्य कोपऱ्यावरून, आणि ७३ पूर्व रेखा ऐरोली-वाशीवरून, तर १९ उत्तर रेखा पनवेलजवळून जाते. ठाणं एका फाइलमध्ये, बेलापूर-खारघर दुसऱ्या, विमानतळ तिसऱ्या आणि उरण चौथ्या. चारही घ्या, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडा, मगच क्लिक करा.

हे नकाशे जमीन दाखवत नाहीत, वरून दिसणारा पृष्ठभाग दाखवतात. येऊरच्या जंगलात झाडांचे शेंडे मिसळतात, पाम बीच रोडला गच्च्या आणि रस्ता यांची सरासरी येते. उलट पनवेलजवळच्या कलावंतीणीसारख्या सुळक्याचा माथा एका चौकटीहून अरुंद, त्यामुळे आजूबाजूचा उतार मिसळून उंची कमीच येते. अशा जागी बॅरोमीटर जिंकतो.

स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असेल, तर ती स्टेशनला बिनधास्त टाका आणि बॅरोमीटरचा पायथा म्हणूनही वापरा. आरटीके रिसीव्हर (जमिनीवरच्या केंद्राकडून दुरुस्ती घेणारं जीपीएस) सेंटीमीटरपर्यंत जातो, पण तो भाड्याने आणून टेकडीची उंची भरणं म्हणजे मुंगीवर तोफ. शिवाय २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार उभ्या दिशेत ३ मीटरहून बारीक माहिती भारतातच साठवावी लागते, आणि ओपनस्ट्रीटमॅपचे सर्व्हर बाहेर आहेत. गूगल अर्थवरचा आकडा परवान्यामुळे घेताच येत नाही.

मग कुठे काय? झाडी नसलेल्या, रुंद माथ्याच्या टेकडीला ग्लो-३०, पूर्ण मीटरात. सुळका, खिंड किंवा झाडीतला झरा असेल तर पायथा बांधून बॅरोमीटर. वाशी, कोपरखैरणे, सानपाडा अशा भराव घातलेल्या सखल भागात मात्र काहीच टाकू नका. तिथे चौकाचौकांतला उंचीचा फरकच मीटर-दोन मीटरचा, आणि हाताशी असलेल्या साधनाची चूक त्याहून मोठी. भरतीचं पाणी धारण तलावात (पावसाचं पाणी साठवणाऱ्या तळ्यात) शिरतं की नाही, अशा प्रश्नांना लेव्हलिंगचाच, म्हणजे दुर्बीण आणि पट्टीने टप्प्याटप्प्याने मोजलेलाच, आकडा लागतो. नकाशात नुसता "४" लिहिलेला पाहून कुणी तळमजला घेतला तर पंचाईत.

टाकताना ई-एल-ई टॅगमध्ये नुसता आकडा: मीटरात, 'मी' न लिहिता, दशांशाला टिंब. मराठी अंक तिथे चालत नाहीत. इमारतीच्या उंचीचा 'हाइट' टॅग वेगळा, त्यात गल्लत करू नका. उंची कशावरून घेतली ते सोर्समध्ये लिहा. समोच्च रेषा काढून चढवायचा मोहही नको, नकाशा रंगवणारे त्या उंची-नकाशावरून स्वतःच काढतात.

आणि उलव्याच्या बाबतीत तारीख बघा. विमानतळासाठी तिथली नव्वदेक मीटरची टेकडी फोडून सपाट केली, पण ते काम या दोन्ही मोजण्यांच्या नंतरचं. एसआरटीएम असो की ग्लो-३०, तिथे क्लिक केलंत तर टेकडी अजून उभी आहे.