१५ वर्षांची गाडी, ३६ हजारांचं काम आणि ब्लोअरचा चार नंबर : १० महिन्यांनंतर

मागच्या एप्रिलमध्ये खंबाटकी चढताना टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागला. मागे ट्रकांची रांग, गाडीत सासरची मंडळी, थांबायला जागा नाही. मग एसी बंद, काचा खाली आणि हीटर फुल. इंजिनाची गरमी तेवढीच आत ओढली जाते, जुना उपाय आहे. एप्रिलच्या उन्हात हीटर लावून घाट चढलो, सासूबाई अजून येईल-जाईल त्याला सांगतात. घाट संपल्यावर गाडी थंड होऊ दिली आणि मग बघितलं तर रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी तडकलेली, कूलंट निम्मं गायब. हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालचं सील) वाचलं हेच नशीब.

गाडी २०१० ची पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसी, १ लाख १८ हजार किमी, आणि आरसी (आरटीओची नोंदणी) जूनमध्ये संपणार. शोरूमवाल्याने गाडीभोवती एक चक्कर मारून एक्स्चेंजला ५५ हजार सांगितले, नवीनचा हप्ता महिना १२ हजार. रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, क्लच सेट, पुढचे दोन शॉकअप मिळून ३६ हजार, म्हणजे तीन हप्ते. विषय संपला.

पासिंगचा, म्हणजे १५ वर्षांनी नोंदणी वाढवून घेण्याचा, बाऊ करू नका. फॉर्म २५, गाडी दाखवायची, फी ५,००० (२०२२ च्या एप्रिलआधी ६०० होती, असो), पर्यावरण कर वेगळा, आरसी ५ वर्षं वाढते. उशीर केला तर महिन्याला ५०० चढतात म्हणून मी ६० दिवस आधीच अर्ज टाकला. एचएसआरपी, म्हणजे ती नवी सुरक्षा नंबर प्लेट, ७४५ अधिक जीएसटी. इन्शुरन्स आता फक्त थर्ड पार्टी, ३,४१६ अधिक जीएसटी, एवढ्याशा आयडीव्हीला (विम्यात धरलेली गाडीची किंमत) फुल कशाला भरायचा.

आता खरं दुखणं. एवढं सगळं करून गाडी घरी आणली आणि ब्लोअर, म्हणजे एसीचा पंखा, फक्त चार नंबरवर. एक, दोन, तीन मेलेले. एकतर बंद नाहीतर वादळ, मधलं काही नाहीच, बोलायचं तर ओरडायचं आणि पावसाळ्यात मागची पोरं कुडकुडतायत. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला पूर्ण ब्लोअर असेंब्ली बदलावी लागेल, साडेसात हजार. मी म्हटलं अहो चारवर तर झकास फिरतोय, मोटर खराब कशी? तर म्हणे सर, असेंब्लीच येते. तीन महिने रागाने तसाच फिरलो. शेवटी एका एसीवाल्याने ग्लोव्ह बॉक्स खाली काढून मागून काडेपेटीएवढा तुकडा ओढला, त्याची तार जळून काळी पडलेली. रेझिस्टर, पंख्याचा करंट कमी करणारा. तो गेला की खालचे स्पीड बंद, चारला करंट थेट मोटरला जातो म्हणून तेवढाच चालतो. साडेचारशे रुपये, वीस मिनिटं, वर चहा त्यानेच पाजला. ३६ हजारांच्या कामापेक्षा हे साडेचारशे मला जास्त सुख देऊन गेले, खोटं नाही सांगत.

हे सगळं मी ऑगस्टमध्ये लिहिलं असतं तर 'डोळे झाकून रिपेअर करा' म्हटलं असतं. पण २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि शेजाऱ्यांनी दसऱ्याला नवी गाडी आणून पेढे दिले, तेव्हा पेढा जरा कडूच लागला. त्यात ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. पूर्वी हायवेला १७ मिळायचं, आता १५ च्या पुढे जात नाही. मेकॅनिकने फ्युएल पाईप बघून घेतले, एक कडक झालेला बदलला, बाकी गाडी तक्रार करत नाही.

तरी बॉडीला गंज नाही आणि महिन्याला ५०० किमीच्या वर चालत नाही, म्हणून मी अजून रिपेअरच्याच बाजूने. चॅसिसला गंज लागला असेल किंवा इंजिन ऑइल पीत असेल तर मात्र एक रुपया घालू नका, ५५ हजार मिळतायत ते घ्या.

परवापासून मागची डावी काच अर्ध्यावर अडकतेय. मोटर १,८०० सांगितलीय. तूर्त मी बटण दाबतो आणि मुलगा दोन्ही तळव्यांनी काच वर ढकलतो, जमतंय.