दोन्ही स्पीकर वाजले, चॅनेल मात्र एकच चालू होते

जुन्या बाजारातून एकेक वस्तू जमवून घरात चांगली स्टिरिओ यंत्रणा उभी करण्याचा नाद अलीकडे पुन्हा वाढला आहे, आणि त्याबरोबर सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या जपानी रिसीव्हरांचे, म्हणजे रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकत्र असलेल्या यंत्रांचे, भावही. या व्यवहारात माझी जी फसवणूक झाली, तीत माल नकली नव्हता. रिसीव्हर अस्सल होता, माझ्यासमोर वाजवून दाखवला गेला होता, आणि तरीही तो निम्मा मेलेला होता. हे ज्या युक्तीने लपवले गेले ती जाणकारालाही चकवील अशी असल्यामुळे तपशिलाने लिहीत आहे.

बाकीची जुळवाजुळव आधीच झाली होती. टर्नटेबल पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाले होते. त्याचा पट्टा आणि सुई बदलल्यावर ते सुरळीत चालू लागले. आठ ओहमचे मोठे स्पीकर दादरच्या एका कुटुंबाने घर रिकामे करताना दिले. त्यांच्या वूफरभोवतीची (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या भागाभोवतीची) फोमची कड मुंबईच्या दमट हवेने पार खाल्ली होती, बोट लावताच तिची भुकटी होत होती. ती नवी लावून घेतली, पण कागदी कोन, म्हणजे हलून आवाज काढणारे पडदे, मूळचेच राहिले, आणि आवाजाची खरी गोडी त्यांतच होती. राहिला होता तो रिसीव्हर. तो मुंबईतल्या जुन्या ध्वनिसामग्रीच्या एका दुकानात साडेसोळा हजारांना ठरला. तक्रार अद्याप निकाली न निघाल्यामुळे दुकानाचा पत्ता आणि नाव देत नाही.

दुकानदाराने रिसीव्हर आधीच जोडून ठेवला होता. मागची बाजू भिंतीला टेकलेली होती आणि दोन लहान स्पीकर दोन बाजूंना ठेवलेले होते. त्याने जुने हिंदी चित्रपटगीत लावले आणि दोन्हीकडून स्वच्छ आवाज आला. आवाज कमीजास्त केला, बास आणि ट्रेबल फिरवून पाहिले, सारे ठीक होते. डाव्या-उजव्या आवाजाचे प्रमाण बदलणाऱ्या बॅलन्सच्या नॉबकडे हात जाताच मात्र तो म्हणाला, “साहेब, त्याला कार्बन आलाय, नुसता खरखरेल. तेवढा साफ करून देतो.” जुन्या नॉबना कार्बन येतोच, त्यामुळे या बोलण्यात खटकण्यासारखे काही नव्हते.

घरी योग्य रीतीने डावा स्पीकर डाव्या आणि उजवा स्पीकर उजव्या टर्मिनलला जोडून बटण दाबले, तोच उजव्या वूफरचा कोन धाडकन पुढे आला आणि तसाच ताठ अडकून राहिला. आवाज नाही, गाणे नाही, केवळ एक घरघर, आणि पाठोपाठ जळक्या वार्निशचा वास. प्लग काढेपर्यंत कोन हलवणारी तारेची कॉइल जळून गेली होती.

ग्रँट रोडच्या एका जुन्या मेकॅनिकने झाकण उघडल्यावर सगळा प्रकार उघड झाला. उजव्या चॅनेलचा, म्हणजे उजव्या बाजूच्या आवाजाच्या स्वतंत्र मार्गाचा, एक आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला होता आणि त्यामुळे त्या बाजूच्या स्पीकर टर्मिनलवर मल्टिमीटरने सुमारे ३८ व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेचा वीजदाब, दाखवला. एवढा डीसी कोणत्याही घरगुती वूफरला काही क्षणांत जाळू शकतो. हे टाळण्यासाठीच अशा रिसीव्हरमध्ये संरक्षक रिले असतो: बटण दाबल्यावर तीन-चार सेकंद थांबून, आउटपुटवर डीसी नाही याची खात्री झाली तरच तो ‘टक्’ आवाज करून स्पीकर जोडतो. बिघाड असेल तर तो दोन्ही स्पीकर तोडूनच ठेवतो, म्हणजेच हा रिसीव्हर मूळ स्थितीत मुका राहिला असता आणि भंगाराच्या भावात गेला असता. म्हणून रिलेच्या संपर्कांवरून तांब्याची तार डाखून त्याला बाद करण्यात आले होते, आणि फ्यूजच्या जागीही तारच होती. डाख ताजा होता, त्यावर धुळीचा कणही नव्हता. भोवतालच्या भागांवर मात्र अनेक वर्षांचा काळपट थर होता. मला वाटते, विकण्यापूर्वी जाणूनबुजून हे केले गेले याला याहून बोलका पुरावा नको.

मग दुकानात दोन्ही स्पीकर वाजले कसे? अशा रिसीव्हरला ‘ए’ आणि ‘बी’ असे स्पीकरचे दोन संच जोडता येतात. दुकानदाराने एक स्पीकर ‘ए’च्या डाव्या टर्मिनलला आणि दुसरा ‘बी’च्याही डाव्याच टर्मिनलला जोडला होता. दोन्हींतून ऐकू येत होते ते एकटे डावे चॅनेल. गाणेही विचारपूर्वक निवडलेले होते, कारण जुनी चित्रपटगीते बहुधा मोनो ध्वनिमुद्रित असल्याने डाव्या-उजव्याचा फरक कानाला जाणवण्याचा प्रश्नच नव्हता. दुकानात मोबाइलवर घेतलेल्या माझ्या चित्रफितीत स्पीकरचा संच निवडण्याचा नॉब ‘ए+बी’वर असल्याचे स्पष्ट दिसते.

तेव्हा जुना रिसीव्हर घेताना तो पुढे ओढून मागच्या तारा स्वतः पाहाव्यात, आणि शक्यतो स्वतःच जोडाव्यात. बॅलन्स एका टोकाला नेला की दुसऱ्या बाजूचा स्पीकर गप्प झाला पाहिजे; नॉब खरखरला तर खरखरू द्यावा. स्टिरिओ गाणे आपल्या मोबाइलवरून वाजवावे. स्वस्तातले हेडफोन जवळ असावेत, कारण जुन्या रिसीव्हरमध्ये त्यांचा सॉकेट बहुधा त्याच आउटपुटवरून घेतलेला असतो आणि एक कान मुका राहिला तर लगेच कळते. सर्वांत खात्रीचा उपाय मल्टिमीटरचा आहे: स्पीकर न जोडता, रिसीव्हर काही मिनिटे चालू ठेवून, प्रत्येक टर्मिनलवर डीसी मोजावा. तो ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर चिंता नाही. व्होल्टमध्ये आकडा दिसला तर वस्तू तशीच ठेवून निघावे. रिले असलेल्या रिसीव्हरमध्ये ‘टक्’ ऐकू आले नाही तर झाकण उघडून दाखवण्याचा आग्रह धरावा.

याच दुकानात दुसरा एक रिसीव्हर ‘आपल्याकडे थेट चालणारा’ म्हणून ठेवला होता. त्याच्या एफएमच्या पट्टीवर ७६ ते ९० असे आकडे होते. ही जपानी बाजारासाठीची पट्टी आहे, आणि तिथला वीजपुरवठा १०० व्होल्टचा असतो. मागे व्होल्टेज बदलण्याची सोय नसेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो रिसीव्हर लावताच संपेल. आपली बहुतेक खासगी एफएम केंद्रेही ९० च्या पुढे असल्याने त्यावर लागणार नाहीत ती वेगळीच.

दुकानदाराने पैसे परत करण्यास साफ नकार दिला. “जुना माल आहे, गॅरंटी उंबऱ्यापर्यंत,” असे त्याचे म्हणणे, आणि तारा मीच उलट्या लावल्या असाव्यात हा वर आरोप. रकमेची पावती त्याने दिली नव्हती, पण यूपीआयची नोंद, चित्रफीत, ‘दोन्ही साइड ओके’ असा त्याचा संदेश आणि मेकॅनिकने छायाचित्रांसह लिहून दिलेला अहवाल माझ्याकडे आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरून तडजोड झाली नाही, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दिली आहे; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वूफरची कॉइल नवी बसवून मिळाली, परंतु त्या कामात मूळचा कागदी कोन फाटला आणि त्या जोडीचा दुसरा कोन अजून कुठे सापडलेला नाही.