सायकल, स्कूटर की स्लेज: कुत्र्याला कशाला जुंपावे?

दणकट, पूर्ण वाढ झालेला आणि फिरायला नेताना सतत पुढे ओढणारा कुत्रा घरात असला की त्याच्या या ओढीला काहीतरी काम द्यावे असे मालकाला वाटू लागते. मग सायकलीपासून सुरुवात करावी की स्लेजचा, म्हणजे बर्फावरून घसरत जाणाऱ्या बिनचाकी गाडीचा, विचार करावा, हा प्रश्न उभा राहतो. बहुतेक जण त्याचे उत्तर जातीत शोधतात आणि हस्की असेल तर स्लेज, पॉइंटर असेल तर सायकल अशी वाटणी करून मोकळे होतात. मला ही वाटणी फारशी उपयोगाची वाटत नाही. कुत्र्याला जे शिकवायचे ते दोन्हीकडे जवळजवळ सारखेच असते आणि खरा फरक मागे उभ्या असलेल्या किंवा बसलेल्या माणसाच्या वाट्याला येतो. त्याला किती कुत्रे सांभाळायचे आहेत, वाट मातीची आहे की बर्फाची, आणि ऐन वेळी तो थांबणार कसा, यावरून निवड ठरावी.

आधी सामाईक भाग. घोड्याला लगाम असतो, बैलाला कासरा असतो. ओढणाऱ्या कुत्र्याला मात्र यांपैकी काहीच नसते, त्यामुळे सगळा कारभार आवाजावर चालतो. इंग्रजी बोलणारे स्लेजचालक उजवीकडे वळण्यासाठी ‘जी’, डावीकडे वळण्यासाठी ‘हॉ’, निघण्यासाठी ‘हाइक’, थांबण्यासाठी ‘व्होआ’ आणि वाटेतल्या दुसऱ्या कुत्र्याकडे दुर्लक्ष करून पुढे जाण्यासाठी ‘ऑन बाय’ असे शब्द वापरतात. शब्द कोणतेही निवडावेत, पण ते आखूड असावेत आणि एकमेकांपासून वेगळे ऐकू यावेत. ‘उजवा’ आणि ‘डावा’ यांचा शेवट सारखाच होतो आणि वाऱ्यात शेवटचे अक्षरच काय ते पुढे पोचते, म्हणून ही जोडी मी टाळीन. वळणाचे शब्द पायी फिरताना शिकवता येतात. वळणाच्या जरासे आधी शब्द उच्चारायचा, वळायचे आणि बरोबर वळल्यावर कौतुक करायचे, एवढ्यावर काही आठवड्यांत बरीच मजल मारता येते.

दुसरा सामाईक धडा म्हणजे दोर ताणून, पुढे तोंड करून स्थिर उभे राहणे. निघण्यापूर्वी मागे वळून मालकाच्या अंगावर उड्या मारणारा कुत्रा गोड दिसतो, पण सैल पडलेला दोर सायकलीच्या पुढच्या चाकात आणि स्लेजच्या चमूत शेजारच्या कुत्र्याच्या पायात जातो. फिरताना न ओढण्याची शिस्त बिघडेल, ही भीती मात्र बहुतांशी अनाठायी आहे. गळपट्टा असला की शेजारी चालायचे आणि हार्नेस, म्हणजे अंगावर चढवायचा ओढण्याचा साज, चढवला की ओढायचे, हा भेद सातत्य ठेवल्यास कुत्रे चांगला ओळखतात. हाडांच्या टोकांकडची वाढीची जागा भरून येईपर्यंत वजन ओढायला लावू नये. त्याला साधारण १२ ते १८ महिने लागतात आणि मोठ्या जातींत त्याहून थोडे अधिकही लागू शकतात. शब्द शिकवायला मात्र इतके थांबण्याचे कारण नाही.

सायकलीचा मोठा गुण म्हणजे तिला खरे ब्रेक असतात आणि चालक स्वतः पेडल मारून भार वाटून घेऊ शकतो. एका कुत्र्यासाठी, फार तर दोघांसाठी, ती पुरेशी आहे. दोर हँडलला कधीही बांधू नये, कारण कुत्रा बाजूला झेपावला की हँडल त्याच्याबरोबर फिरते. सायकलीच्या पुढच्या नळीवर बसवायचा एक दांडा मिळतो, ज्याला या खेळातले लोक अँटेना म्हणतात. तो दोर चाकाच्या वर आणि पुढे धरून ठेवतो. दोरही साधा नसावा, झटका शोषून घेणारा लवचीक भाग त्यात असावा आणि त्याची लांबी दोन ते अडीच मीटरच्या आसपास असावी. सायकलीचे वैगुण्य तिच्या वेगात आहे. ताजातवाना, वेगवान कुत्रा पहिल्या काही शे मीटरांत ताशी ३० किलोमीटरच्या वर सहज जातो, चालक उंच बसलेला असतो आणि पडला तर जोरात पडतो. शिवाय पडलेली सायकल खडखडत आपला पाठलाग करते आहे असे कुत्र्याला एकदा वाटले, तर पुन्हा विश्वास बसायला महिने लागतात.

म्हणूनच नव्याने सुरुवात करणाऱ्यास मी सायकलीआधी स्कूटर सुचवतो. इथे स्कूटर म्हणजे इंजिन नसलेली, मोठ्या चाकांची, उभे राहून पायाने ढकलायची गाडी. तिची फळी जमिनीलगत असल्याने संकटात सरळ उतरून धावता येते, आणि ब्रेक सायकलीसारखेच असतात. चढावर मात्र पायाने रेटावे लागते आणि चालकाने आळस केला तर सगळा भार कुत्र्यावर पडतो. सायकलीवर सराईत असलेल्या माणसाला ती कंटाळवाणी वाटेल, हेही खरे.

स्लेजचे गणितच वेगळे आहे. तिच्या ब्रेकचे दात बर्फात रुततात, जोडीला वेग कमी करणारी, पायाने दाबायची चटई असते आणि उभे असताना गाडी रोखून धरायला बर्फाचा नांगर असतो. हे सगळे बर्फाच्या दर्जावर अवलंबून आहे. कडक गोठलेल्या वाटेवर ब्रेक नुसता खरवडत जातो आणि पातळ बर्फात नांगर धरत नाही. सायकलस्वार पडला तर सायकलच त्याचा नांगर होते. स्लेजचालकाचा हात सुटला तर चमू गाडीसकट पुढे निघून जातो. हँडल सोडायचे नाही, हा म्हणूनच स्लेजचालकांचा पहिला नियम आहे.

त्यात संख्येचा प्रश्न येतो. एका-दोघांना हलकी, पायाने ढकलायची स्लेज जमते, पण खऱ्या स्लेजची मजा तीन-चार कुत्र्यांपासून पुढे सुरू होते आणि तिथे प्रत्येकाची जागा ठरलेली असते. गाडीलगतच्या जोडीला वळणावर सर्वाधिक झटके बसतात, म्हणून तिथे बळकट आणि शांत कुत्रे लागतात. सर्वांत पुढच्याला ताकदीपेक्षा कान आणि धीर हवा. १९२५ साली अलास्कातील नोम गावी घटसर्पावरील प्रतिविष (सीरम) कुत्र्यांच्या चमूंनी पोचवले, तेव्हा लिओनार्ड सेप्पाला या स्लेजचालकाच्या चमूच्या अग्रभागी असलेला टोगो वयाने बारा वर्षांचा आणि अंगाने लहानखुरा होता. असा पुढारी विकत घेऊन लगेच कामाला लागत नाही. नवा कुत्रा जुन्याच्या शेजारी धावत शिकतो. एकट्या माणसाने चार नवशिके कुत्रे एकदम जुंपणे म्हणजे कोणालाच न शिकवणे होय. थोडक्यात, सायकलीचा निर्णय एका छंदाचा आहे, स्लेजचा निर्णय साऱ्या घराचा आहे.

हार्नेसची निवडही यावरूनच ठरते. पाठीवर फुलीसारखे पट्टे असलेला, शेपटीच्या मुळापर्यंत जाणारा एक्स-बॅक हार्नेस स्लेजसारख्या खालून येणाऱ्या ओढीसाठी घडवलेला आहे. दोर जितका वर चढेल तितका तो पाठीवरून उचलला जातो, आणि अशा ठिकाणी बरगड्यांशी संपणारा आखूड हार्नेस अधिक नीट बसतो. दोन्हींत गळ्यावर दाब येऊ नये आणि खांदे मोकळे राहावेत.

उन्हाबाबत सायकल आणि स्कूटर यांना अधिक सावध राहावे लागते, कारण स्लेजला बर्फच हंगाम ठरवून देतो आणि चाकांना तसा पहारेकरी नसतो. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो, त्यामुळे दमट हवेत तो लवकर तापतो. साधारण १५ अंश सेल्सिअसच्या वर ओढण्याचे कष्टाचे काम घेऊ नये, असा संकेत अनेक चालक पाळतात, आणि दमट दिवशी त्याच्या खालीच थांबतात. डांबरी रस्ता तळव्यांना सोलतो, म्हणून मातीची वाट बरी. भरल्या पोटी धाव नको, पाणी मात्र आधी पुरेसे दिलेले असावे.

ज्यांच्याकडे एकच कुत्रा आहे आणि बर्फ वर्षातून थोडेच दिवस पडतो, त्यांनी स्लेज विकत घेण्याची घाई करू नये. स्कूटरवर शिकलेले शब्द आणि ताणलेला दोर बर्फावर तसेच कामी येतात, आणि स्की येत असल्यास कमरेच्या पट्ट्याला तोच दोर अडकवून त्याच कुत्र्यामागे जाता येते. ज्यांच्याकडे तीन कुत्रे आधीच आहेत आणि हिवाळा लांब आहे, त्यांनी सायकल सोडून द्यावी आणि शरद ऋतूत तीन किंवा चार चाकांच्या गाडीवर चमू घडवायला लागावे; पहिला बर्फ पडेपर्यंत कोणता कुत्रा पुढे उभा राहणार, हे त्यांना कळलेले असेल.